शेक कुटला, ते आदी इचारा

आमच्या नंदाच्या डोस्क्यात गाठ झाली तवा ती सहा वर्साची व्हती. आता बारा वर्साची हाय. जिती हाय. तेवढ्यावर लोक मला म्हनत्यात, नशीबवान बाई तू. म्हनू द्या त्यांना. मी हे लिवतीया ते त्यांच्यासाटी न्हाय. दवाखान्याच्या व्हरांड्यात पोर मांडीवर घिऊन जी कोन बसली असंल, जिला डाक्टर आत एक सांगतोय आन् भाईर आल्यावर तिला त्यातलं निम्मं आटवत न्हाय, तिच्यासाटी लिवतीया. मी पाचवीपातूर शिकले, सांगोल्याला. आमचे हे म्हनले, दे, मी शुद्ध करून लिवतो. म्हनलं ऱ्हाऊ द्या. शुद्ध बोलनाऱ्यांनीच माजा घात केला हाय.

नंदा म्हंजे महानंदा, माजी थोरली. सकाळी उटली की वकायची. चूळ भरायच्या आदीच. वकली की मोकळी व्हायची, मग दूध मागायची, खेळायला जायची. आत्याबाई, म्हंजे माज्या सासूबाई, म्हनल्या जंत झाल्यात. वावडिंग दिलं. शेजारची म्हनली पित्त हाय. आमचे हे म्हनले, साळंत जायचं न्हाय म्हनून नाटक करतीया, दोन दिल्या की सरळ व्हईल. मला बी तसंच वाटलं, कारन दुपारी पोरगी चांगली असायची की. मग ती भिंतीला हात लावून चालाय लागली. ठिकरी खेळताना एका पायावर उबी ऱ्हायली की पडायची आन् हसायची. पोरी म्हनायच्या नंदा दारू प्याली. ती बी म्हनायची, व्हय, मी दारू प्याले.

हितल्या पोरांच्या डाक्टरनं पित्ताचं औषध दिलं. ते संपलं, दुसरं दिलं. ते बी संपल्यावर ती म्हनाय लागली, आई, तू दोन दोन दिसतीस. मी म्हनलं चष्मा लागला असंल, म्हनून डोळ्याच्या डाक्टरकडं नेलं. त्यानं अंधार करून बत्तीनं तिच्या डोळ्यात बगितलं. एका डोळ्यात बगितलं, दुसऱ्यात बगितलं, परत पैल्यात बगितलं. तवर लई बोलत व्हता, नंदाला म्हनत व्हता तुला कुटला रंग आवडतो, लाल का पिवळा. मग बोलायचाच बंद झाला. पोरगीच म्हनली, मला हिरवा आवडतो, तरी त्यानं वर बगितलं न्हाय.

मला भाईर बसवलं आन् ह्यांना आत घेतलं. हे भाईर आले आन् चपलाच घालीनात. पाय चपलंच्या वर ठिवून तसंच उबे. म्हनले, डोस्क्यात गाठ असंल म्हनत्यात.

गाठ म्हनल्यावर मी तितंच बाकड्यावर नंदाचं डोस्कं चाचपाय लागले. सगळं चाचपलं, कानामागं, मानंवर, येनी सोडून. कुटं काय लागंना. म्हनलं, अहो गाठ न्हाईच की, बगा तुमी हात लावून. तितं बसलेली मानसं बगाय लागली. हे म्हनले, आत हाय. हाडाच्या आत.

*

मुंबईला नेलं. हे हितं सोलापुरात बाळीवेशीत कापडाच्या दुकानात गुमास्ते हायत. शेटकडं रजा मागाय गेले तर शेट म्हनला, "मुलगीच ना? मुलगा असता तर गोष्ट वेगळी होती." रजा दिली, पर हे बोलून दिली. आमचे हे गरीब सोबावाचे, घरी यिऊन मला हसत हसत सांगितलं. मी न्हाय हसले.

मुंबईच्या दवाखान्यात पैल्यांदा गाठ दिसावी म्हनून डोस्क्यात हवा भरून फोटो काडत्यात. तेवा मला भाईर काडलं, पर पोरीचा आवाज काय आत कोंडता येत न्हाय. मी आजपातूर कुनाला शाप दिला नव्हता, त्या दिवशी दिला, नाव ठावं नसलेल्या मानसांना. मग तिच्या डोस्क्यावरनं वस्तारा फिरवला. तिची येनी कागदात बांधून माज्या हातात दिली. कशाला दिली कुनाला ठावं. मी ती घिऊन दिवसभर बसले.

आपरेशन झाल्यावर मोटा डाक्टर भाईर आला, ह्यांना म्हनला, "जितकी काढता आली तितकी काढली." म्हंजे किती, ते इचारायचं धाडस ह्यांना झालं न्हाय, मला तर नव्हतंच. मला वाटलं मोटा मानूस हाय, सगळी काडली असंल, मोटी मानसं अशीच बोलत्यात.

वार्डात आमी आया खाटंखाली झोपायचो. सकाळी झाडूवाला यायच्या आदी पटकुरं गोळा करायची, सायब फिरून जाईस्तवर भिंतीला चिटकून उबं ऱ्हायाचं. इचारलेलं सांगायचं, आपुन हून काय इचारायचं न्हाय. एकीनं इचारलं तर नर्स म्हनली, "बाई, तुला सांगून कळणार आहे का?" शेजारच्या खाटंवर एक पोर व्हतं. एके सकाळी ते नव्हतं. गादी उलटी करून टाकली आन् जेवनाच्या आत दुसरं पोर आनून निजवलं. नव्या आईनं मला इचारलं, आदीचं बाळ बरं हुन घरी गेलं का? मी म्हनलं व्हय.

एक चांगलं सांगते, न्हायतर म्हनशिला ही बाई नुसती कडू. तितली आयाबाई, कोकनातली, आपरेशनच्या दिवशी माज्याजवळ आली, म्हनली, "गे, तुझा पदर उलटा आहे." तिनंच नीट केला. आन् चहाचा कप हातात दिला, पिऊस्तवर उबी ऱ्हायली. त्या दवाखान्यात मला मानूस म्हनून हात लावनारी ती एकटीच.

*

आता जे झालं ते नीट सांगते, कारन सगळं त्याच्यावर हाय.

घरी सोडायच्या दिवशी एक तरना डाक्टर आला. लई घाईत. ह्यांना म्हनला, "आता जखम भरू द्या. मग शेक द्यायचा. सव्वा-दीड महिना. रोज, रविवार सोडून. अजिबात चुकवायचा नाही, शेक महत्त्वाचा आहे. सध्या घरी जा." आन् एक इंग्रजी कागद दिला, म्हनला हा तितल्या डाक्टरला दाखवा. ह्यांनी इचारलं, "सायब, शेक रोज द्यायचा ना?" तो म्हनला, "रोज." म्हनला आन् गेला.

तुमी आता हसशिला. हसा. पर आमच्या घरात शेक म्हंजे काय हाय ते आदी ऐका.

आत्याबाई बाळंतिनी न्हाऊ घालत्यात. अक्कलकोटाकडच्या हायत, बोलताना निम्मं कानडी. आमच्या बोळातली, मागच्या बोळातली, कुटली बी बाई बाळंत झाली की आत्याबाईंना बोलवनं यायचं. बाळाला अंग लावायचं, न्हाऊ घालायचं, आन् मग शेक. शेगडीत निकारा घालायचा, त्यावर ओवा, बाळंतशेपा टाकायचा, धूर उटला की बाळंतिनीला बाजंवर घिऊन खालनं शेकायचं. सव्वा महिना. एक दिवस चुकवायचा न्हाय. मला बी त्यांनीच शेकलंया, दोनदा. तर सव्वा महिना, रोज, चुकवायचा न्हाय, हे ऐकल्यावर आमाला कुटला शेक वाटनार?

हे घरी यिऊन म्हनले, आई, डाक्टर म्हनले डोस्क्याला शेक द्यायचा सव्वा महिना. आत्याबाईंचं तोंड असं फुललं! इतके दिवस त्या बिचाऱ्या कोपऱ्यात बसून व्हत्या, सगळं डाक्टरचं, आपलं काय चालत न्हाय. म्हनल्या, "अय्य शिवने! शेकच द्यायचा व्हय? मग मी हाय की! एवढ्यासाटी मुंबईला कशाला जायला पायजे व्हतं?"

हे म्हनले, "रविवार सोडून द्यायचा."

"रविवार का सोडायचा? त्यांना सुट्टी लागत असंल. आपुन रविवारी बी दिऊ."

आन् दिला की. रोज. सकाळी एकदा, दिवेलागनीला एकदा. नंदाला मांडीवर आडवी घ्यायच्या, तळहात शेगडीवर धरायचा, गालाला लावून बगायचा, मग हळूच तिच्या डोस्क्यावर ठिवायचा, टाक्याच्या बाजूनं, टाक्यावर न्हाय. ओव्याची पुरचुंडी गरम करून मानंवर फिरवायच्या. कानडीत काय काय पुटपुटायच्या. पोरगी झोपून जायची. दवाखान्यात हात बगितला की रडनारी पोरगी, आजीचा हात आला की डोळं मिटायची. मी चुलीपाशी बसून बगायची आन् मला वाटायचं, झालं, सुटलो.

सव्वा महिना झाल्यावर आमी हितल्या डाक्टरकडं गेलो. त्यानं टाकं बगितलं, कागद बगितला. मला म्हनला, "शेक झाला का?"

म्हनलं, "झाला की."

"पुरा?"

"पुरा. सव्वा महिना. येक दिवस न्हाय चुकवला."

"छान. त्रास झाला का? उलट्या वगैरे?"

"न्हाय सायब. उलट झोपायची."

"कमाल आहे. आणि केस पण लवकर आले." आन् तिच्या डोस्क्यावरनं हात फिरवला, आन् कागदावर काय तरी लिवलं.

असं झालं. तो शिकलेला, त्यानं इचारलं. मी सांगितलं. दोगं बी खरं बोललो.

*

दिवाळी झाली आन् नंदा परत सकाळी वकाय लागली. मी कुनाला सांगितलं न्हाय पैल्या दिवशी. राखेनं झाकून टाकलं आन् पोरीला म्हनलं, फराळ जास्त झाला तुला. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी बगितलं. त्यांनी शेगडी पेटवली.

मग डाक्टरकडं. तो म्हनला, "शेक देऊनही इतक्या लवकर परत? असं होत नाही. मुंबईचे शेकाचे कागद कुठे आहेत? किती दिला, कुठल्या मशीनवर?"

मी म्हनलं, "मशीन कसलं सायब? शेगडीवर दिला."

त्यानं चष्मा काडला. म्हनला, "काय?"

"आमच्या आत्याबाईंनी दिला. ओव्याचा."

तुमाला सांगते, तो पैल्यांदा हसला. आलंच त्याला हसू. मग त्याचं त्यालाच कळलं आन् तो वरडाय लागला. अडाणी लोक! पोरीचा जीव घेता! किरणांचा शेक असतो तो, विजेच्या मशीनचा, मुंबईला द्यायचा असतो, एवढी अक्कल नाही! भाईर बसलेली मानसं ऐकत व्हती. नंदा माज्या पदरात तोंड खुपसून.

मला त्या दिवशी बोलता आलं न्हाय. आज बोलते. सायब, अडाणी तर आमी हायच की, कपाळावरच लिवल्यालं हाय ते. तुमी तर अडाणी न्हाय ना? मग आमच्यासारक्याला शेक म्हनलं तर काय कळंल, हे तुमाला का न्हाय कळलं? त्याला मशीन म्हना, किरन म्हना, आग म्हना, काय बी म्हना. बाळंतिनीचा शब्द कशाला उचलला तुमी?

घरी यिऊन मी आत्याबाईंना नको नको ते बोलले. म्हनलं, तुमच्या शेकानं माजी पोर मारली. हे मदी पडाय लागले तर त्यांना बी बोलले. आत्याबाई म्हनल्या, "आयतु, यव्वा, आयतु." म्हंजे झालं, बाई, झालं. दुसरं काय न्हाय. मला त्याचं अजून बी वाईट वाटत न्हाय. कुनाला तरी बोलायला पायजे व्हतं आन् डाक्टरला बोलता येत नव्हतं.

*

परत मुंबई. ह्यांना आता रजा न्हाय म्हनला शेट, म्हनून हे आमाला सोडून माघारी आले आन् आत्याबाई माज्यासंगं ऱ्हायल्या. दवाखान्याजवळच्या धर्मसाळंत. मी त्यांच्याशी बोलत नव्हते. दोगी एका चटईवर, तोंडं दोन भिंतीकडं.

खरा शेक कसा असतो ते सांगते. पैल्या दिवशी जांबळ्या शाईनं पोरीच्या डोस्क्यावर, मानंवर, सगळ्या पाटीवर रेघा मारत्यात. त्या रेघा पुसायच्या न्हायत. म्हनून डोस्क्यावरनं पानी घ्यायचं न्हाय, अंग चोळायचं न्हाय, कितीबी आठवडे होवोत. आत्याबाईंचा सगळा जलम लेकरं न्हाऊ घालन्यात गेला आन् नातीच्या डोस्क्याला त्यांनी हात लावायचा न्हाय. त्या ओल्या फडक्यानं नुसतं तिचं पाय पुसायच्या.

मग एक खोली. भिंती लई जाड, दार लोखंडाचं, जड. आत पालथी निजवत्यात, डोस्क्याच्या दोनी अंगाला वाळूच्या पिशव्या लावत्यात. हलायचं न्हाय म्हनत्यात, आन् सगळे भाईर येत्यात आन् दार लावत्यात. सगळे. डाक्टर बी, मशीनवाला बी. मी इचारलं, तुमी का भाईर येता? तो म्हनला, "आम्हाला रोज चालत नाही, घातक असतं." घातक हाय म्हनून तुमी भाईर आन् माजी पोरगी आत. ती आतून बोंबलायची, आई आई न्हाय, आजी आजी. दोन-चार मिंटांतच आटपायचं म्हना, पर तेवढं बी मला सोसायचं न्हाय.

एक दिवस तिचा नंबर लागायच्या आदी आत्याबाई त्या मशीनवाल्याला म्हनल्या, "बाळा, मला जरा आत नेऊन दाव की. कसला शेक हाय ते बगू दे." तो मानूस भला. आत कोन नव्हतं, मशीन बंद. म्हनला, या आजी. मी बी मागं गेले. आत्याबाईंनी मशीनला खालनं वरनं बगितलं. मग हात पुडं केला, आमच्या शेगडीवर धरत्यात तसा, तळहात खाली करून. धरला जरा येळ. मग तोच हात आपल्या गालाला लावला.

"गारच हाय की," म्हनल्या.

तो म्हनला, "आजी, हा शेक हाताला लागत नाही."

"इस्तू न्हाय. ऊब न्हाय. हातात घ्यायचं न्हाय, जवळ बसायचं न्हाय. आन् ह्याला बी शेकच म्हनत्यात व्हय रे बाळा?"

"तसंच म्हणतात."

"दुसरं नाव न्हाय मिळालं कुनाला?"

भाईर आल्यावर आत्याबाई पायरीवर बसल्या. मी बी त्यांच्याजवळ बसले. तवापास्नं बोलाय लागलो आमी. माफी बिफी काय न्हाय. मी म्हनलं चहा पिता का, त्या म्हनल्या अर्धा.

आमचा शेक देन्यात जो येळ गेला त्यानं काय बिगडलं का, हे मी मोट्या डाक्टरला इचारलं. एकदाच. तो म्हनला, "आता ते बोलून काय उपयोग?" उपयोग नसंल सायब. पर रोज मी तेच बोलते, मनातल्या मनात.

सोलापूरला आल्यावर आत्याबाईंनी बाळंतिनींची कामं सोडली. बोलवनं आलं की म्हनायच्या, हात दुकतो. हात दुकत नव्हता. शेगडी धुऊन पालथी घातली ती शेवटपातूर तशीच व्हती, त्या वारल्या तवा मी ती त्यांच्या बहिनीच्या सुनंला दिऊन टाकली.

*

नंदा वाचली. गाठ परत आली न्हाय. आमी पेडं वाटलं. पाव्हनं यिऊन बगून गेलं. डाक्टरनं पाट थोपटली, "बरी झाली तुमची मुलगी."

मग काय झालं ते कुनी बगाय आलं न्हाय.

ती वाढनाच. तिच्या पाठची सुवर्णा तिच्या खांद्याला लागली, मग बराबरीला आली, आता तिच्या वर गेली. नंदाचं फराक सुवर्णाला यायचं ते आता सुवर्णाचं फराक नंदाला येतंय. यष्टीत कंडक्टर तिचं तिकीटच मागत न्हाय पटकन. मागनं डोस्क्यावर केस उगवलंच न्हायत नीट, म्हनून मी येनी वरनं घालते. हात कापतो, वाटी धरली की सांडतंय. साळंत दुसरीत तीनदा बसवली. बाईंनी सांगितलेलं तिला तवा कळतं, घरी येईस्तवर जातं. बाई म्हनल्या, "हिला घरीच कामं शिकवा." पोरी तिला टकली म्हनत्यात. ती ऐकून घेती आन् त्यांच्यातच जाऊन बसती, दुसरं कोन हाय तिला?

दर वर्साला मुंबईला दाखवायला जातो. गेल्या खेपेला मी धाडस केलं. म्हनलं, सायब, ही वाढत का न्हाय?

तो म्हनला, "शेकाचा परिणाम आहे. लहान वयात डोक्याला आणि पाठीला दिला की असं होतं. वाढ खुंटते, बुद्धीही थोडी मंद होते."

"तुमाला आदीच ठावं व्हतं व्हय?"

"साधारण कल्पना असते."

"मग आमाला का न्हाय सांगितलं?"

त्यानं माज्याकडं बगितलं, जरा रागानंच. "सांगितलं असतं तर तुम्ही शेक दिला नसता का?"

म्हनलं, "दिला असता. पर सांगायचं की."

हे माजा पदर वडत व्हते, चल चल म्हनून. डाक्टरनं पुडचं नाव पुकारलं.

*

आन् आता दोन महिन्यामागची गोष्ट. एक बाई दारात आली. बार्शीची. कडंवर पोरगा, चार-पाच वर्साचा, मान तिच्या खांद्यावर टाकल्याली. म्हनली, हितल्या डाक्टरनं पाटवलं. ह्याच्या डोस्क्यातनं गाठ काडलीया, आता शेक द्यायचा म्हनत्यात, मला लई भ्या वाटतंय, तर डाक्टर म्हनले की तितं एक मुलगी हाय, शेक दिऊन बरी झाल्याली, जाऊन बगून या म्हंजे भीती जाईल.

म्हंजे आमची नंदा आता डाक्टरच्या दुकानातला नमुना.

नंदा उंबऱ्यात बसून शेंगा फोडत व्हती. बाईनं तिच्याकडं बगितलं आन् हसली. "हीच व्हय? ग्वाड हाय पोरगी. कितवं वर्स?"

"बारावं," मी म्हनलं.

बाईचं हसू तोंडावरच ऱ्हायलं. तिनं परत बगितलं नंदाकडं, तिच्या पायापास्नं वर. तिला सात-आठ वाटली असनार, सगळ्यांनाच वाटती. मग बाई खाली बसली.

मी सगळं सांगितलं तिला. आतून हे खाकरत व्हते, बास कर म्हनून. मी बास केलं न्हाय. शेक म्हंजे घरचा न्हाय, हे सांगितलं. दार लावत्यात, सांगितलं. वाचंल, पर वाढंल असं न्हाय. साळा जमंल असं न्हाय. तुला बरं झालं म्हनतील आन् सोडून देतील, तितनं पुडं तुजं तूच. बाई ऐकत व्हती आन् डोळं गळत व्हते तिचं, पुसत नव्हती, हातात पोरगं व्हतं.

शेवटी म्हनली, "मग ताई, दिऊ का नगं?"

मला म्हनायचं व्हतं, मला कशाला इचारतीस गं बाई? मला कुनी इचारलं न्हाय, मी काय सांगू? पर ती माज्या तोंडाकडं बगत बसली व्हती आन् आयुष्यात पैल्यांदा कोन तरी मला असं इचारत व्हतं की जनू मला कळतंय.

म्हनलं, "द्या. उशीर करू नका. उद्याच निगा. पर जाऊन डाक्टरला इचारा, पुडं काय व्हनार ते आत्ताच सांगा. सांगेस्तवर उटू नका खुर्चीवरनं. हाकललं तरी."

ती उटली. चहा घेतला न्हाय. पोरग्याची मान परत खांद्यावर नीट ठिवली आन् बोळातनं निगाली.

नंदा शेंगा तशाच टाकून माज्याजवळ आली. "आई, ती मावशी का रडली? तिचं बाळ माज्यासारकं व्हनार म्हनून?"

सकाळी घोकलेला बेचा पाडा दुपारपातूर आटवत न्हाय तिला. हे कळलं.

मी म्हनलं, "तुज्यासारकं झालं तर लई चांगलं झालं म्हनायचं. त्याच्यासाटीच निगालीया ती मुंबईला."

"मग रडायचं कशाला?"

मी शेंगा गोळा कराय लागले. तर ही उंबरा वलांडून बोळात गेली, तिला जमतंय तेवढं पळत, आन् दोनी हात तोंडाला लावून त्या बाईच्या मागं वरडली, "ओ मावशी! रडू नगा! मी बारा वर्साची हाय!"

बाई तवर कोपऱ्यावरनं वळली व्हती. ऐकू गेलं का न्हाय, ठावं न्हाय. नंदानं आनखी एकदा वरडून सांगितलं.